अहवालाखालची सही आणि तिच्यामागची संघटना

अंबड तालुक्यातील एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर बहुतेक घरांत ठाऊक नसते. त्यांच्या सासूबाईंचा सीटी स्कॅन झाला. अहवालाच्या तळाशी डॉक्टरांचे नाव, त्यापुढे ‘एम.डी. (रेडिओडायग्नोसिस)’ आणि खालच्या ओळीत ‘आजीव सभासद, आय.आर.आय.ए.’ असे छापलेले होते. शेजारच्यांनी सांगितले की ही आणखी एक मोठी पदवी आहे. घरातले म्हणाले की नावापुढे शोभेसाठी लावलेली ही अक्षरे असावीत. यांतले खरे काय, आणि तपासणीचे केंद्र निवडताना आपण ही अक्षरे शोधावीत काय, असे त्यांनी विचारले आहे.

ही पदवी नाही आणि केवळ शोभाही नाही. ‘आय.आर.आय.ए.’ म्हणजे इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशन, भारतातील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना. तिचे सभासदत्व रुग्णाला कोणती हमी देते आणि कोणती देत नाही, हे समजून घेण्यापूर्वी क्ष-किरणतज्ज्ञ हा डॉक्टर कोण, हे पाहिले पाहिजे.

तपासणीच्या खोलीत आपल्याला ‘श्वास रोखा’, ‘हलू नका’ असे सांगणारी व्यक्ती बहुधा तंत्रज्ञ असते. यंत्र चालविणे, शरीराची योग्य स्थिती साधणे आणि चित्र स्वच्छ घेणे हे तिचे काम, आणि ते कौशल्याचे काम आहे. पण त्या चित्रात काय दिसते आणि त्याचा अर्थ काय, हे ठरवितो तो क्ष-किरणतज्ज्ञ. तो एमबीबीएस झाल्यानंतर याच विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. सोनोग्राफी तो सहसा स्वतः करतो. म्हणून तेवढ्यापुरती त्याची नि आपली गाठ पडते. एक्स-रे, सीटी आणि एमआरआय यांच्या बाबतीत मात्र तो पडद्याआड असतो. कधी तो शेजारच्या खोलीत बसलेला असतो, तर कधी दुसऱ्या शहरात.

ज्या डॉक्टरांकडे आपण वीस वर्षे जात आहोत, त्यांची पारख आपल्याला असते. चित्र वाचणाऱ्या डॉक्टराशी मात्र आपली भेट कागदावरच्या सहीपुरतीच होते. आजोबांची शस्त्रक्रिया करायची की नाही, आजीच्या डोक्याला लागलेला मार किती गंभीर, हे पुष्कळदा त्याच कागदावर ठरते. म्हणूनच त्या सहीमागे काय उभे आहे, हे विचारण्याचा कुटुंबाला अधिकार आहे.

संघटना का निर्माण झाल्या

विल्हेल्म रॉन्टगेन या जर्मन शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, लंडनला रॉन्टगेन सोसायटी स्थापन झाली. इतकी घाई होण्यास कारण होते. नव्या किरणांचे सामर्थ्य सर्वांना दिसत होते. त्यांचा अपाय मात्र उशिरा उमगला. यंत्र ठीक चालते की नाही हे पाहण्यासाठी त्या काळी डॉक्टर स्वतःचाच हात किरणांसमोर धरीत. हातांची कातडी भाजे, बोटे झडत आणि पुढे कर्करोग होई. एकट्या डॉक्टराला हा आपल्यापुरता अपघात वाटे. अनेकांचे अनुभव एकत्र आल्यावर तो अपघात नसून किरणांचाच परिणाम असल्याचे स्पष्ट झाले.

१९२८ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत किरणांपासून संरक्षणाचे नियम ठरविणारी समिती नेमली गेली. तीच आजची आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग ही संस्था. १९३६ मध्ये हँबुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात किरणांनी बळी घेतलेल्या डॉक्टरांचे, शास्त्रज्ञांचे आणि तंत्रज्ञांचे स्मारक उभे राहिले. त्यावर आरंभी १६९ नावे कोरलेली होती.

आपल्या गावातल्या एक्स-रे खोलीची शिशाने जडवलेली दारे, तंत्रज्ञाच्या अंगावरील शिशाचा एप्रन आणि त्याच्या खिशाला लावलेला किरणमापक बिल्ला हे सारे या इतिहासातून आले आहे. भारतात या यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. आज छातीच्या एका साध्या एक्स-रेने मिळणारा किरणोत्सर्ग हा निसर्गातून आपल्याला साधारण तीन दिवसांत मिळतो तेवढाच असतो. पोटाच्या सीटी स्कॅनचा मात्र सुमारे तीन वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाइतका भरतो. म्हणून एक्स-रेला भिऊ नये आणि सीटी विनाकारण मागू नये. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत असे किरण नसतातच.

सभासद कोण होऊ शकतो

आपल्याकडे या कामाला स्वातंत्र्यापूर्वीच कलकत्त्यात आरंभ झाला. आज आय.आर.आय.ए.चे मध्यवर्ती कार्यालय दिल्लीत असून महाराष्ट्रासह विविध राज्यांत तिच्या शाखा आहेत. एमबीबीएसनंतर रेडिओडायग्नोसिस या विषयात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.एम.आर.डी. यांसारखी मान्यताप्राप्त पदव्युत्तर पात्रता मिळविलेल्या आणि वैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरास तिचे आजीव सभासदत्व घेता येते. हा अभ्यासक्रम शिकत असलेल्या निवासी डॉक्टरांसाठी सहयोगी सभासदत्वाची सोय आहे. अर्जासोबत पदवीचे आणि नोंदणीचे दाखले जोडावे लागतात. घरातील नातू किंवा भाची या विषयाचे शिक्षण घेत असेल, तर शिक्षण संपण्याची वाट न पाहता तिने सहयोगी सभासद व्हावे. वडीलधाऱ्या सहकाऱ्यांची ओळख ज्या वयात व्हावी, ते हेच वय. तंत्रज्ञ या संघटनेचे सभासद नसतात. त्यांच्या स्वतंत्र संघटना आहेत.

सभासदाला संघटनेचे नियतकालिक मिळते. वार्षिक राष्ट्रीय परिषदेत आणि राज्य शाखेच्या सभांत भाग घेता येतो. इंडियन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी अँड इमेजिंग ही संघटनेची शैक्षणिक शाखा वर्ग आणि व्याख्याने भरविते. कायद्याच्या गुंतागुंतीत सल्ला मिळतो आणि सरकारपुढे व्यवसायाचे म्हणणे मांडणारा एक आवाज मिळतो. हे लाभ डॉक्टराचे आहेत. त्यांतून रुग्णाच्या हाती काय पडते, हा आपला प्रश्न आहे.

डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे जे राष्ट्रीय नियम आहेत, त्यांत व्यवसायाच्या उन्नतीसाठी डॉक्टराने वैद्यकीय संघटनांशी संलग्न असावे, असे म्हटले आहे. पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर शिक्षण घ्यावे, असेही तेथे आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदही नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तसे गुणांक मागते. असे शिक्षण ज्या सभांतून मिळते, त्यांतील अनेक सभा या संघटनाच भरवितात. तेव्हा नावाखालची ती ओळ एवढेच सांगते की हा डॉक्टर आपल्या व्यवसायबंधूंच्या मेळ्यात आहे आणि शिकत राहण्याची दारे त्याला उघडी आहेत. तो त्या दारांतून किती वेळा जातो, हे ती ओळ सांगू शकत नाही.

आणखी एक भेद मनात पक्का असावा. व्यवसाय करण्याचा अधिकार संघटना देत नाही आणि काढूनही घेत नाही. तो अधिकार महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीतून येतो, आणि गैरवर्तनाची तक्रारही तेथेच करायची असते. सभासद नसलेला क्ष-किरणतज्ज्ञ उत्तम असू शकतो. पण नोंदणी नसलेल्या माणसाच्या सहीला काहीही किंमत नाही. म्हणून अहवालावर आधी नोंदणी क्रमांक पाहावा, मग पदवी आणि शेवटी सभासदत्व.

जालन्यासारख्या जिल्ह्यात याचे मोल

मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात एकाच विभागात अनेक क्ष-किरणतज्ज्ञ असतात. शंका आली की शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याला ‘जरा हे पाहा’ असे म्हणता येते. आपल्या जिल्ह्याचे चित्र वेगळे आहे. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर आहे. बदनापूर तालुक्यात वरुडी येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तरीही गंभीर दुखण्यात मंठा-परतूरकडील कुटुंबे आजही छत्रपती संभाजीनगरच्या घाटीची वाट धरतात. तालुक्याच्या गावी एखादा क्ष-किरणतज्ज्ञ असलाच, तर तो दिवसभर एकटाच असतो. एकट्याची नजर कितीही तयार असली, तरी तिला दुसऱ्या नजरेचा आधार लागतो.

म्हाताऱ्या माणसाच्या दोन नेहमीच्या दुखण्यांवरून हे ध्यानात येईल. आजी न्हाणीघरात घसरतात. खुब्यात कळ येते, पाय टेकवत नाही. एक्स-रेत काही दिसत नाही आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. परंतु उतारवयात हाडे विरळ झालेली असल्याने मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेली बारीक चीर पहिल्या एक्स-रेत न दिसणे अशक्य नाही. अशा वेळी एमआरआय, आणि ते उपलब्ध नसल्यास सीटी, पुढील वाट दाखविते. ‘एक्स-रे साधारण, तथापि वेदना कायम राहिल्यास पुढील तपासणी करावी’ असे एक वाक्य अहवालात असणे म्हणजे आजी पुन्हा उभ्या राहणे आणि अंथरुणाला खिळणे यांतला फरक असू शकतो. असे वाक्य लिहिण्याची सवय अनेक सहकाऱ्यांचे अनुभव ऐकून लागते.

दुसरे दुखणे पक्षाघाताचे. तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, बोलणे अडखळते. अशा रुग्णाचा मेंदूचा सीटी सर्वप्रथम करतात तो रक्तस्राव आहे की नाही हे पाहण्यासाठी. रक्तस्राव नसेल आणि गुठळी असेल, तर ती विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. भोकरदन किंवा घनसावंगीच्या शेतवस्तीवरून निघालेल्या माणसाचा बराच वेळ रस्त्यातच जातो. तेथे दूरस्थ वाचनाचा उपयोग होतो: सीटी येथे निघतो, चित्र क्षणात दुसऱ्या शहरातील तज्ज्ञापुढे जाते आणि अहवाल परत येतो. कुटुंबीयांनी एवढे लक्षात ठेवावे की गुठळीच्या पक्षाघातात सुरुवातीचा सीटी साधारण दिसू शकतो. ‘सीटीत काही नाही’ म्हणून रुग्णाला घरी आणू नये. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर सोपवावा. दूरस्थ वाचनात आपल्याला न दिसणाऱ्या डॉक्टराचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक अहवालावर असणे तर दुप्पट महत्त्वाचे.

कायदा, संघटना आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण

प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी असते. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या प्रोस्टेटची तपासणी करायची असली, तरी तीच पाटी आणि तीच नोंदणी. कन्याभ्रूणहत्या रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याची गरज आकडेच सांगतात: सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. मराठवाड्याला तर या प्रश्नाची झळ फार जवळून लागली आहे.

या कायद्याखालील २०१२ च्या सुधारित नियमांनी एका डॉक्टराला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांत काम करण्याची मर्यादा घातली. हलते सोनोग्राफी यंत्र नोंदलेल्या रुग्णालयात दाखल असलेल्यांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येईल, असेही ठरविले. अनेक कुटुंबे विचारतात की रक्त तपासणारा घरी येतो, मग सोनोग्राफीवाले का येत नाहीत? डॉक्टराची अनिच्छा हे त्याचे कारण नसून हा नियम हे कारण आहे.

नोंदवहीतील कारकुनी चुकांना गुन्ह्याइतकी शिक्षा नसावी, अशी संघटनेची जुनी मागणी आहे. त्यासाठी सप्टेंबर २०१६ च्या आरंभी देशभरातील क्ष-किरणतज्ज्ञांनी काम बंद ठेवले होते. प्रसूतितज्ज्ञांच्या महासंघाने अशाच स्वरूपाची याचिका सर्वोच्च न्यायालयात केली होती. ती मे २०१९ मध्ये फेटाळली गेली. नोंदी नीट ठेवणे हाच या कायद्याचा कणा आहे, असे न्यायालयाने मानले. मुलींच्या जिवाचा प्रश्न असताना हा कठोरपणा समजण्यासारखा आहे.

तथापि, पक्षाघाताने पाच वर्षे पलंगावर असलेल्या वृद्धाला केवळ लघवीची पिशवी तपासण्यासाठी जीपमध्ये घालून जालन्याला न्यावे लागते, हीही वस्तुस्थिती आहे. कायद्याचा हेतू न दुखावता अशा रुग्णांसाठी सुरक्षित वाट काढता येईल काय, हा प्रश्न कोणीतरी सरकारपुढे अभ्यासपूर्वक मांडला पाहिजे. एकटा डॉक्टर तो मांडू शकत नाही आणि एकटे कुटुंब तर नाहीच. संघटनेचे बळ आपल्या व्यवसायाच्या अडचणींबरोबर याही कामी लागावे, अशी अपेक्षा आपण ओळखीच्या क्ष-किरणतज्ज्ञांजवळ जरूर बोलून दाखवावी. रुग्णांकडून आलेला प्रश्न सभेत अधिक वजनाने ऐकला जातो.

घरच्यांनी काय करावे

तपासणीला जाताना जुने एक्स-रे, सीटी आणि त्यांचे अहवाल बरोबर न्यावेत. फुप्फुसावरचा डाग दहा वर्षांपूर्वीही तेवढाच होता हे दिसले, की निम्मी काळजी तेथेच मिटते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तपासणी कशासाठी, हे लिहून घ्यावे. ‘खुबा दुखतो’ आणि ‘काल पडल्यापासून पाय टेकवत नाही’ यांत वाचणाऱ्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. रंगद्रव्य देऊन सीटी करायचा असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहावरील मेटफॉर्मिनची गोळी आणि पूर्वी आलेली ॲलर्जी यांची माहिती आपणहून द्यावी. एमआरआयपूर्वी पेसमेकर किंवा शरीरातील धातूविषयी सांगण्यास विसरू नये. वयस्कर माणसे संकोचाने गप्प बसतात. बरोबर गेलेल्याने बोलावे.

अहवाल हाती आल्यावर चित्रांची सीडीही मागून घ्यावी; शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाला केवळ कागद पुरत नाही, चित्रेच लागतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे द्यावीत, असा २००२ च्या नियमांचाच दंडक आहे. दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टराचा अपमान नव्हे; आपसांत ते स्वतःही एकमेकांचे मत घेतच असतात.

आपले नेहमीचे डॉक्टर आणि अहवालावर सही करणारा डॉक्टर या दोघांचे एकदा फोनवर बोलणे घडवून आणता आले, तर ते अवश्य घडवावे. ‘तुम्हाला यात आणखी काही विचारायचे आहे का?’ एवढेच आपल्या डॉक्टरांना म्हणावे. एकाने रुग्ण पाहिलेला असतो आणि दुसऱ्याने चित्र. म्हाताऱ्या माणसाचे निदान त्या दोघांच्या बोलण्यातून अधिक नेमके होते.